जुन्या डेस्कटॉपचा प्रोसेसर बदलताना आधी बोर्ड बघा

दहा-बारा वर्षं वापरलेला डेस्कटॉप रखडू लागला की दुकानदार सहसा दोन पर्याय देतो: नवा घ्या, नाहीतर प्रोसेसर बदलून बघू. दुसरा पर्याय पुष्कळदा खरंच चांगला असतो. २०११ ते २०१५ या काळातले इंटेलचे प्रोसेसर सेकंडहँड बाजारात सहज मिळतात. साध्या पेन्टियमच्या जागी चार कोरांचा आय५ बसवला, जोडीला एसएसडी टाकली, की हिशेबाचं काम, डीटीपी, मुलांचे ऑनलाइन वर्ग यांसाठी ते मशीन आणखी काही वर्षं बिनतक्रार चालतं. पण ‘प्रोसेसर आणला आणि डिस्प्लेच आला नाही’ ही तक्रारही तितकीच ऐकू येते. तिचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. विकत घेताना प्रोसेसर बघितला, बोर्ड बघितलाच नाही. कुठला प्रोसेसर चालणार हे बोर्ड ठरवतो. त्याचं सॉकेट, चिपसेट, बायोस आणि प्रोसेसरला वीज पुरवणारं सर्किट, या चारही गोष्टी जुळल्या तरच नवा प्रोसेसर चालतो. तीन जुळून भागत नाही.

प्रोसेसर खरंच गेला आहे का?

मशीन बंद पडलं म्हणून प्रोसेसर बदलायला निघाला असाल तर आधी थांबा. डेस्कटॉपच्या सगळ्या सुट्या भागांत प्रोसेसर सगळ्यात कमी बिघडतो. त्याच्याआधी एसएमपीएस जातो, रॅम जाते, बोर्डावरचे कपॅसिटर फुगतात, हार्डडिस्क तर जातेच.

पंखा फिरतो पण डिस्प्ले येत नाही आणि बीप सुरू राहते, तेव्हा पहिला संशय रॅमवर घ्या. रॅम काढा, तिच्या सोनेरी पट्ट्या स्वच्छ खोडरबरने हलक्या हाताने पुसा, एकच पट्टी लावून प्रत्येक स्लॉटमध्ये पाहा. कोकणातल्या दमट हवेत बंद पडलेली अनेक मशीनं एवढ्यावरच सुरू होतात. पंखा क्षणभर फिरून थांबत असेल तर दुसरा एसएमपीएस लावून पाहा. प्रोसेसरजवळची चार पिनांची बारा व्होल्टची वायर नीट बसली आहे ना, हेही बघा. तारीख दर वेळी मागे जात असेल तर बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी बदला. मशीन सुरू होऊन पाच-दहा मिनिटांत आपोआप बंद पडत असेल, तर प्रोसेसर गेलेला नसतो, तापलेला असतो. हीटसिंकच्या पात्यांत धूळ बसून तिची गादी झालेली असते आणि खालची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी भुकटी झालेली असते. ती साफ करून नवी पेस्ट लावली की काम झालं.

प्रोसेसर खराब आहे असं खात्रीने म्हणायचं असेल तर चाचणी एकच: तो दुसऱ्या चालू बोर्डावर लावून पाहणं, किंवा चालू प्रोसेसर आपल्या बोर्डावर लावून पाहणं. हे न करता ‘प्रोसेसर उडाला’ असं जो सांगतो, तो अंदाज सांगतो आहे.

आणि मशीन चालू आहे, फक्त संथ आहे, अशी तक्रार असेल तर मनापासून सांगतो, पहिला खर्च एसएसडीवर करा, दुसरा रॅमवर, आणि प्रोसेसरचा नंबर तिसरा ठेवा. विंडोज उघडायला चार मिनिटं लागतात ती हार्डडिस्कमुळे. प्रोसेसर बदलून ती दोन मिनिटंही होणार नाहीत.

बोर्डाचं नाव आणि रिव्हिजन

मशीन चालू असेल तर सीपीयू-झेड नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यातल्या मेनबोर्ड या भागात कंपनी, मॉडेल, चिपसेट आणि बायोसची आवृत्ती सगळं दिसतं. इंटरनेट नसेल तर विंडोजच्या रन चौकटीत ‘एमएसइन्फो३२’ टाइप केलं तरी बरीचशी माहिती मिळते. मशीन बंद असेल तर कॅबिनेटचं झाकण काढून बोर्डावर टॉर्च मारा. मॉडेलचं नाव बहुधा रॅमच्या किंवा कार्डांच्या स्लॉटांजवळ मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. गिगाबाइटच्या बोर्डांवर एका कोपऱ्यात रिव्हिजनचा आकडाही असतो. तो विसरू नका. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन रिव्हिजन्सना वेगळे बायोस लागतात, आणि चालणाऱ्या प्रोसेसरांची यादीही वेगळी असू शकते.

आता कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या सपोर्ट पानावर जा. तिथे सीपीयू सपोर्ट लिस्ट असते. त्यात प्रत्येक प्रोसेसरसमोर तो कुठल्या बायोसपासून चालतो हे लिहिलेलं असतं. प्रोसेसर निवडायचा तो या यादीतून. यूट्यूबवर कुणी काय चालवून दाखवलं, शेजाऱ्याच्या मशीनमध्ये काय चाललं, याचा उपयोग यादी बघून झाल्यावर.

डेल, एचपी, लेनोवो यांची ऑफिसांतून निघालेली ब्रँडेड मशीनं घेतली असतील तर यादी आणखी काटेकोरपणे पाळा. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ७९० आणि ७०१० या दोन्हींत एलजीए ११५५ हेच सॉकेट आहे. पण ७९० मध्ये इंटेलचा दुसऱ्या जनरेशनचाच प्रोसेसर चालतो, ७०१० मध्ये दुसरा आणि तिसरा दोन्ही चालतात. बाहेरून बघून हा फरक कळायचा नाही.

सॉकेट जुळलं तरी प्रोसेसर जुळतोच असं नाही

एलजीए ७७५ हे सॉकेट २००४ साली आलं आणि त्यात पेन्टियम ४ पासून कोअर २ क्वाडपर्यंत सगळे प्रोसेसर बसतात. बसतात, पण सगळीकडे चालत नाहीत. ९१५ आणि सुरुवातीच्या ९४५ चिपसेटच्या बोर्डांवरचं वीज देणारं सर्किट कोअर २ साठी बनवलेलंच नव्हतं. म्हणून पेन्टियम ४ काढून कोअर २ ड्युओ लावला की काळा पडदा दिसतो. जी३१ किंवा जी४१ चिपसेट असेल तर कोअर २ ड्युओ ई७५०० किंवा ई८४०० हे चांगले उमेदवार आहेत. दोन्ही ६५ वॅटचे आहेत. कोअर २ क्वाड क्यू६६०० चे आधीचे नमुने १०५ वॅटचे आहेत, ते स्वस्तातल्या जी३१ बोर्डावर लादू नयेत. ७७५ साठी सर्व्हरचे झिऑन प्रोसेसर खाचा कापून आणि स्टिकर चिकटवून विकले जातात, त्यांच्या वाटेला तर जाऊच नका. मूळचं त्यांचं सॉकेट ७७१ आहे, आणि खाचा कापण्याचं ते काम एकदा बिघडलं की सोबत बोर्डही जातो.

पुढची मालिका अशी: २००९ साली ११५६, २०११ साली ११५५, २०१३ साली ११५०, २०१५ साली ११५१. आकडे जवळचे वाटले तरी एकातला प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही, खाचांच्या जागा वेगळ्या आहेत. सगळ्यात फसवं सॉकेट ११५१. सहाव्या आणि सातव्या जनरेशनचे प्रोसेसर १०० आणि २०० मालिकेच्या चिपसेटवर चालतात, म्हणजे एच११०, बी१५०, बी२५० वगैरे. आठव्या आणि नवव्या जनरेशनला ३०० मालिका लागते: एच३१०, बी३६० इत्यादी. सॉकेटचा आकार तोच, पिना तितक्याच, तरी आय५-८४०० हा एच११० बोर्डावर चालत नाही. ‘दोन्ही ११५१ आहेत’ एवढ्या भरवशावर घेतलेले प्रोसेसर दुकानात परत येतात ते असे.

एएमडीची वागणूक जरा उदार आहे. एएम३ चा प्रोसेसर डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्ही रॅम ओळखतो, त्यामुळे बायोसची साथ असेल तर जुन्या एएम२+ बोर्डावरही तो चालतो. उलटं मात्र होत नाही. एएम२ चा प्रोसेसर एएम३ बोर्डात बसतच नाही.

आपल्याकडचं नेहमीचं उदाहरण: एच६१

२०११ ते २०१३ च्या सुमारास असेम्बल केलेलं मशीन उघडलं तर आत एच६१ चा बोर्ड निघण्याची शक्यता फार मोठी असते. त्यावर पेन्टियम जी६३० किंवा आय३-२१००, आणि दोन किंवा चार जीबी रॅम. एच६१ मध्ये रॅमचे दोनच स्लॉट असतात, जास्तीत जास्त १६ जीबी डीडीआर३ बसते, आणि साटा जुन्या वेगाची, म्हणजे सेकंदाला तीन गिगाबिट. हा वेगही एसएसडीला पुरतो, फरक लगेच कळतो.

या बोर्डासाठी माझी पसंती आय५-३४७० ला. चार कोर, ३.२ गिगाहर्ट्झ, ७७ वॅट. त्याच वर्गातला दुसऱ्या जनरेशनचा आय५-२४०० थोडा स्वस्त मिळतो, पण तो ९५ वॅटचा आहे. एच६१ चे बोर्ड स्वस्तात बनवलेले आहेत. प्रोसेसरला वीज देणाऱ्या मॉस्फेटवर पुष्कळ बोर्डांत साधी ॲल्युमिनियमची पट्टीही नसते. दहा वर्षं झालेल्या अशा बोर्डावर ९५ वॅटचा भार टाकण्यापेक्षा ७७ वॅटचा, आणि वर जास्त वेगवान प्रोसेसर लावणं शहाणपणाचं. तिसऱ्या जनरेशनला दुसरीपेक्षा वीज कमी लागते, हे इथे आपल्या पथ्यावर पडतं. आय७-३७७० सुद्धा ७७ वॅटचाच आहे. व्हिडिओ एडिटिंग किंवा सॉफ्टवेअर बनवण्याचं काम असेल तर तो घ्या. बिलं, टायपिंग, ब्राउझर आणि फोटोशॉप एवढ्यासाठी आय५ पुरेसा आहे, वाचलेले पैसे रॅममध्ये घाला.

नावापुढच्या अक्षराकडे नीट लक्ष द्या. आय५-३४७०एस चार कोरांचा, ६५ वॅटचा आहे, छोट्या कॅबिनेटला उत्तम. आय५-३४७०टी मात्र दोनच कोरांचा आहे. नाव तेच, आय५ तोच, फक्त एक ‘टी’, आणि कोर निम्मे. ‘पी’ असलेल्या आय५-३३५०पी मध्ये ग्राफिक्स नाही. झिऑन ई३-१२३० व्ही२ मध्येही नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर हे प्रोसेसर लावून मॉनिटरवर काहीच दिसणार नाही, आणि प्रोसेसर खराब निघाला असं तुम्हाला वाटेल. ‘के’ चा उपयोग वेग वाढवण्यासाठी असतो. एच६१ वर तो वाढवता येत नाही, तेव्हा त्या अक्षराचे जास्तीचे पैसे देऊ नका.

आता बायोस. तिसऱ्या जनरेशनचे प्रोसेसर एप्रिल २०१२ मध्ये आले, एच६१ बोर्ड त्याच्या वर्षभर आधीचे. म्हणजे २०११ च्या बोर्डात आलेल्या बायोसला आय५-३४७० ठाऊकच नाही. यादीत लिहिलेली आवृत्ती तुमच्याकडे नसेल तर बायोस अपडेट करावा लागेल, आणि तो जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच करावा लागेल. नवा लावून डिस्प्ले येत नाही म्हटल्यावर अपडेट करायचा कशातून? हा क्रम चुकला की जुना प्रोसेसर पुन्हा बसवावा लागतो. तो दुकानदाराला एक्स्चेंजमध्ये देऊन आलो असू तर मग पंचाईत.

अपडेटची फाइल कंपनीच्याच संकेतस्थळावरून, त्याच मॉडेलची आणि त्याच रिव्हिजनची घ्या. ती फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर टाका. विंडोजमधून अपडेट करण्यापेक्षा बायोसच्या पडद्यात जी स्वतःची सोय असते ती वापरा. यूपीएस लावल्याशिवाय हे काम करू नका. अपडेटच्या त्या दोन-तीन मिनिटांत वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. वीज येत-जात असलेल्या दिवशी हात न लावलेलाच बरा. पडदा स्तब्ध झाल्यासारखा वाटला तरी बटण दाबू नका.

बी६५, क्यू६५ आणि क्यू६७ हे चिपसेट असलेल्या बोर्डांना इंटेलने तिसरी जनरेशन दिलेलीच नाही. तिथे आय५-२४०० किंवा आय७-२६०० हीच हद्द.

विकत घेताना

नवे कोरे एलजीए ११५५ प्रोसेसर आता कंपनीकडून येत नाहीत. जे मिळतात ते जुन्या मशीनमधून काढलेले. त्यात गैर काही नाही, प्रोसेसर झिजणारी वस्तू नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास किंवा तुमच्या गावच्या दुरुस्तीवाल्याकडे जाताना कॅबिनेट सोबत न्या. वजन उचलायचा कंटाळा करू नका. तुमच्याच बोर्डावर लावून, तुमच्या डोळ्यांसमोर विंडोज सुरू झालं, की अर्ध्याहून अधिक वाद तिथेच मिटतात. ऑनलाइन घेणार असाल तर परत करण्याची मुदत आधी वाचा आणि पाकीट उघडतानाचा व्हिडिओ काढा.

प्रोसेसर हातात घेऊन धातूच्या टोपीवरची अक्षरं वाचा. मॉडेलखाली पाच अक्षर-आकड्यांचा कोड असतो. आय५-३४७० वर ‘एसआर०टी८’ आणि आय७-३७७० वर ‘एसआर०पीके’. कोड ‘क्यू’ने सुरू होत असेल, किंवा मॉडेलच्या जागी ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ असं कोरलेलं असेल, तर तो चाचणीसाठी बनवलेला नमुना आहे. असा प्रोसेसर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. बहुतेक बायोस त्याला धड ओळखत नाहीत. मग उलटा करून पाहा. सोनेरी ठिपक्यांवर बारीक चरे चालतील, पण मधल्या भागातले चिमुकले कपॅसिटर सगळे जागेवर हवेत. एखादा उडालेला असेल तर तिथली चांदीसारखी मोकळी जागा लगेच दिसते. पैसे देताना बिलावर मॉडेल आणि हा कोड दोन्ही लिहून घ्या, टेस्टिंग वॉरंटीचे दिवसही.

बदलण्याचं काम

आधी मशीन दहा मिनिटं चालवा म्हणजे आतली पेस्ट मऊ होईल. मग शटडाउन करा, भिंतीतला प्लग काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेट आडवं ठेवा. काम सुरू करताना आणि मधूनमधून कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा. टेरिकॉटचे किंवा नायलॉनचे कपडे घालून, गालिच्यावर बसून हे काम करू नये, हिवाळ्याच्या कोरड्या हवेत तर मुळीच नाही.

पंख्याची चार पिनांची वायर काढा. इंटेलच्या मूळ हीटसिंकला चार कोपऱ्यांत चार काळ्या खुंट्या असतात, त्यांच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो. प्रत्येक खुंटी बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून सरळ वर ओढा. चारही सुटल्यावर हीटसिंक एकदम उपसू नका, डावीकडे-उजवीकडे थोडा पिळून सोडवा. एएमडीच्या जुन्या मशीनमध्ये तर हे पिळणं फारच महत्त्वाचं आहे. तिथे पिना प्रोसेसरलाच असतात, आणि वाळलेल्या पेस्टने चिकटलेला प्रोसेसर बंद सॉकेटमधून हीटसिंकबरोबर उपटून येतो. पिना वाकतात त्या तिथेच.

इंटेलच्या बाजूने धोका उलटा आहे. पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, केसापेक्षा थोड्याशा जाड, अकराशे पंचावन्न. बाजूचा लिव्हर खाली दाबून बाहेर सरकवा आणि उचला, वरची धातूची चौकट उघडेल. जुना प्रोसेसर दोन कडांना धरून सरळ वर घ्या. आता टॉर्च तिरपी धरून सॉकेटकडे पाहा. सगळ्या पिना एकाच दिशेने झुकलेल्या दिसतात आणि उजेड सारखा परततो. एखादी वाकलेली असेल तर त्या जागी चमक तुटते. सॉकेटमध्ये बोट, कापड, ब्रश काहीही घालू नका. पिन वाकलेली दिसलीच तर नव्या प्रोसेसरचा विषय तिथे थांबवून अनुभवी माणसाकडे द्या. भिंगाखाली, शिसं काढलेल्या मेकॅनिकल पेन्सिलच्या टोकाने ती सरळ करणारे कारागीर आहेत.

नव्या प्रोसेसरच्या एका कोपऱ्यात सोनेरी त्रिकोण आहे, सॉकेटजवळही तशीच खूण आहे. दोन्ही कडांच्या खाचा सॉकेटमधल्या उंचवट्यांशी जुळवा आणि प्रोसेसर सरळ खाली ठेवा. दाबायचं काही नाही, तो आपल्या वजनाने बसतो. बसल्यावर हलत नाही ना ते पाहा, मग चौकट मिटवून लिव्हर खाली आणा. लिव्हरला बऱ्यापैकी जोर लागतो आणि करकर असा आवाज येतो. पहिल्यांदा करणारा इथे घाबरून थांबतो. खाचा जुळलेल्या असतील तर घाबरू नका, जोर लावा.

हीटसिंकच्या तळाची जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या टिशूने पूर्ण काढा. नवी पेस्ट प्रोसेसरच्या मधोमध तुरीच्या दाण्याएवढी. पसरवायची गरज नाही, हीटसिंक दाबला की ती आपोआप पसरते. जास्त लावली म्हणून जास्त गार राहत नाही. खुंट्या आता बाणाच्या उलट दिशेने फिरवून मूळ जागी आणा, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या जोडीने दाबा, प्रत्येकीचा टक् असा आवाज यायला हवा. शक्य असेल तर बोर्डाच्या पाठीमागून पाहा, चारही पाय फाकलेले दिसले पाहिजेत. एकही पाय अर्धवट राहिला की हीटसिंक तिरका बसतो आणि मशीन पाच मिनिटांत नव्वद अंशांवर जातं. पेन्टियमसोबत आलेला बुटका हीटसिंक आय५ ला कमी पडतो असं वाटलं तर तांब्याचा गाभा असलेला मिळवा. ११५६, ११५५, ११५० आणि ११५१ या चारही सॉकेटचे हीटसिंक एकमेकांना चालतात. ७७५ चा चालत नाही, त्याची भोकं जवळ आहेत.

सुरू केल्यावर

पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच लावा. बॅटरी पाच मिनिटं काढून परत बसवा, म्हणजे बायोसमधली जुनी नोंद पुसली जाईल. पहिल्यांदा मशीन एकदा-दोनदा आपोआप बंद होऊन सुरू झालं तर ते ठीक आहे. सरळ बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरचं नाव, रॅमचा आकडा आणि तापमान पाहा. पन्नासच्या आतबाहेर असेल तर उत्तम. दर सेकंदाला वाढतच चाललं असेल तर लगेच बंद करून हीटसिंक पुन्हा बसवा.

दोन रॅम लावलेल्या असताना एकच दिसते आहे, असं झालं तर रॅमला दोष देण्याआधी सॉकेट तपासा. या पिढीत रॅम सांभाळणारा भाग प्रोसेसरच्या आतच आहे. त्यामुळे एखादी पिन वाकली किंवा हीटसिंकचा दाब एकाच बाजूला पडला की एक स्लॉट गायब होतो.

विंडोज सहसा पुन्हा टाकावं लागत नाही, आणि नुसता प्रोसेसर बदलल्याने ॲक्टिव्हेशनही बहुधा जात नाही, ते बोर्ड बदलल्यावर जातं. ड्राइव्हला बिटलॉकरचं कुलूप असेल तर काम सुरू करण्यापूर्वीच रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. टास्क मॅनेजरमध्ये कोर मोजा, आणि एखादा लांबलचक व्हिडिओ रूपांतरित करायला लावून अर्धा तास तापमान बघा. ऐंशीच्या आत राहिलं तर निश्चिंत राहा. शंभरच्या आसपास गेलं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, म्हणजे बदलण्याचा फायदाच जातो.

एक मर्यादा मात्र आधीच लक्षात घ्या. विंडोज ११ ला इंटेलची आठवी जनरेशन किंवा पुढची लागते. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. एच६१ वर आय७ लावला तरी विंडोज ११ साठी ते मशीन अधिकृतपणे पात्र ठरत नाही, आणि ७७५ च्या मशीनवर तर विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती सुरूच होत नाही. बँकेचे व्यवहार, सरकारी पोर्टलवरची कामं त्या मशीनवर होत असतील तर लिनक्स मिंटसारखी प्रणाली टाका. आय५ आणि आठ जीबी रॅमवर ती सुरेख चालते, मराठी युनिकोड टायपिंगही नीट होतं. जुन्या पेजमेकरच्या फाइली आणि हार्डवेअर लॉकवर चालणारं फाँटचं सॉफ्टवेअर यांच्यासाठीच मशीन जपलं असेल तर विंडोज राहू द्या, इंटरनेटची वायर काढून ठेवा. आणि तुमच्याकडे एच३१० बोर्डावर आय३-८१०० असेल, तर नशीबवान आहात. त्यावर बायोस पाहून आय५-८४०० लावा, विंडोज ११ अधिकृतपणे चालेल.

बोर्डाचे कपॅसिटर फुगलेले असतील, रॅमचा एक स्लॉट आधीच मेलेला असेल, किंवा एसएमपीएसही बदलावा लागणार असेल, तर या मशीनवर प्रोसेसरचा खर्च करू नका. त्या पैशांत थोडी भर घालून ऑफिसातून निघालेला आठव्या जनरेशनचा तयार डेस्कटॉप शोधा.

आणि काम फत्ते झालं तरी काढलेला जुना पेन्टियम भंगारात टाकू नका. नव्याच्या प्लॅस्टिकच्या डबीत घालून, वर मॉडेल लिहून ठेवा. जुन्या बायोसचा एच६१ बोर्ड आणि तिसऱ्या जनरेशनचा प्रोसेसर घेऊन अडलेला माणूस तुमच्या ओळखीत कधी ना कधी निघेल, आणि बायोस अपडेट करायला त्याला नेमका असाच दुसऱ्या जनरेशनचा प्रोसेसर अर्ध्या तासासाठी लागेल.